डाव्या खांद्यावरचं टार्टन

नवऱ्याच्या मानावरून बायकोचा खांदा ठरवणारा रिवाज मला तेव्हा मान्य नव्हता, आजही नाही. आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी मुकाट्याने टाके उसवत बसलेली दिसेन आणि कोणाला वाटेल, पोरगी सुधारली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पुण्यात शिकत होते. म्हणजे पत्रकं लिहीत होते, वाटत होते, मधल्या वेळात कॉलेज. सुट्टीत दुबईला, करामातल्या घरी आले की पत्रकं वाटायची सोय नव्हती, त्यामुळे सगळी आईच्याच कानावर पडायची. आई हॉलमधल्या मशीनवर ब्लाउज शिवायची. त्या हिवाळ्यात तिच्याकडे पहिल्यांदाच एक स्कॉटिश बाई आली. हॉस्पिटलात नर्स होती. तिच्या गाववाल्यांचा वर्षातून एकदा मोठा नाच असायचा. त्यासाठी पांढरा लांब झगा हवा होता आणि वर खांद्यावरून सोडायचा लोकरीचा पट्टा, निळ्या-हिरव्या चौकड्यांचा. ते टार्टन तिच्या आईने तिकडून पार्सलने पाठवलेलं. प्रत्येक कुळाचे चौकडे वेगळे असतात, असं तिने समजावलं.

"म्हणजे कापडालाही जात!" मी मराठीत म्हणाले.

"तू गप. विणलंय किती सरळ ते बघ," आई म्हणाली.

आईने त्या पट्ट्याला खांद्याशी अशा निऱ्या घातल्या, की प्रत्येक निरीवर तीच हिरवी रेघ त्याच जागी आली. नऊवारी नेसत मोठ्या झालेल्या बाईला ते शिकवावं लागत नाही. नाचताना पट्टा घसरेल म्हणून तिने न विचारता तो झग्याच्या खांद्यात शिवूनच टाकला. कोणता खांदा, हे तर तिने स्वतःलाही विचारलं नाही. पदर डाव्याच खांद्यावर असतो.

नाचाच्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, नर्स ट्रायलला आली. कपाटाच्या आरशात बघून आधी हसली, मग तिचा हात खांद्याशी थबकला.

"हा डावा आहे."

"यस मॅडम. लेफ्ट." आईने अभिमानाने स्वतःच्या पदरावर थाप मारली. "सेम सेम."

तेव्हा कळलं. त्यांच्यात साध्या बाईने पट्टा उजव्या खांद्यावर घ्यायचा. डावा कुळाच्या प्रमुखाच्या बायकोचा. "मला तर नवराच नाही," नर्स म्हणाली. "सगळं टेबल हसेल. पहिल्यांदाच बोलावलंय मला."

आईचा चेहरा उतरला. मला मात्र विषय सापडला. मी इंग्रजीत सुरू झाले: असंच जा, ताठ मानेने जा, बाईचा खांदा तिचा स्वतःचा असतो, प्रमुख कोण लागून गेला! दोन पानांचं पत्रक झालं असतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. "पोरी, माझ्या आईने गिरणीत असलं कापड विणण्यात जन्म काढला. तिने उजव्या खांद्यावर घेतलं. मला आज तिच्यासारखं दिसायचंय."

मी आईला मराठीत सांगितलं, हिला उजवाच हवाय.

"खलास," आई म्हणाली. "यल्ला, चल, उसव."

मी उसवायला बसले. आईला घोर वेगळाच. त्याच निऱ्या उजवीकडे फिरवल्या की कापडाची उलट बाजू वर येणार, आणि नव्याने घालायला वेळ नव्हता. शेवटचा टाका सुटला. आईने पट्टा पालथा केला, खिडकीशी नेला, पुन्हा पालथा केला.

"अगं, याला उलट बाजूच नाही! दोन्हीकडून सुलट!" ती इतकी मोठ्याने हसली, की काही न कळता नर्सही हसायला लागली.

पांढऱ्या झग्याच्या डाव्या खांद्यावर सुईची भोकं उरली. आईने वाफ दिली, नखाने घासली. जवळून दिसायची ती दिसायचीच. उजवीकडे तिने कच्चे टाके घातले. नर्सने पर्समधून चांदीची पिन काढून माझ्या हातात दिली. "तू लाव." लावली. सरळ लावली, त्यात राजकारण केलं नाही.

पंधरा दिवसांनी ती आणखी दोन बायकांना घेऊन आली, बरोबर नाचाचा भलामोठा फोटो. बायकांची ओळ, सगळ्यांचे पट्टे उजवीकडे, मधोमध एकीचाच डावीकडे.

"ही बघ तुझी प्रमुखीण," मी आईला म्हणाले. नाकपुड्या फुलल्याच होत्या माझ्या.

आईने चष्मा लावला. नर्सच्या खांद्यावर बोट ठेवलं, मग त्या मधल्या बाईच्या.

"हिच्या निऱ्यांवर चौकडे जुळले नाहीत," ती म्हणाली, आणि त्या दोन बायकांची मापं घ्यायला टेप शोधू लागली.