चाकावरचं प्लास्टिक

आमच्या गाडीच्या चाकांना अलॉय नव्हते, वरून नुसतं प्लास्टिक होतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते प्लास्टिक बसवताना शेजारी उकिडवी बसून एकेक तबकडी हातात देणारी मीच होते.

गाडी जुनी, दुसऱ्याची वापरलेली, पांढरी. चाकांच्या लोखंडी रिमांवर गंज चढलेला. नवऱ्याच्या डोळ्यांत तो गंज सलायचा. एका रविवारी चंद्रपूरला गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार व्हील कॅप घेऊन आला. चंदेरी रंग, दहा पाकळ्या, मध्ये खोटे बोल्ट. मागच्या बाजूला प्लास्टिकच्या खुंट्या आणि एक तारेचं कडं. रिमवर धरायची, तळहातानं ठोकायची, की बसली. एक वाकडी बसली तर तो माझ्यावरच खेकसला.

दुकानदारानं सोबत काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या दिल्या होत्या. आपल्याकडचे रस्ते पाहता कॅप रिमला बांधून टाका, नाही तर उडून जाईल, असं सांगितलं होतं. नवऱ्यानं त्या पट्ट्या कपाटात टाकल्या.

मी म्हटलं, "बांधा ना."

"पट्टी दिसते. दिसली का समजते ना लोकायले, का हे वरून लावलं आहे म्हणून."

लोकांनी समजू नये हाच सगळा खटाटोप होता. तो सिंदेवाहीला कॉलेजात क्लार्क. मी तिथून बारा किलोमीटरवरच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर. कॉलेजातल्या कुणीतरी विचारलं, "भाऊ, अलॉय टाकले का?" हा हो म्हणाला. तेव्हापासून ते अलॉयच झाले. दर रविवारी तो जुना दातांचा ब्रश घेऊन पाकळ्यांमधला चिखल काढायचा. माझ्याकडे गाडी चालवण्याचा परवाना होता, मोटार ड्रायव्हिंगच्या क्लासला महिनाभर जाऊन रीतसर मिळवलेला. पण गाडीला हात लावायचा म्हटलं की एकच उत्तर यायचं, "तू कडेला घासशीन. कॅप जाते." मग मी पावसापाण्यात स्कूटीवर शाळेत जायचे आणि गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी असायची.

लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे. तोंडावर आजही 'तुमी'च म्हणते.

माझं माहेर कुरखेड्याच्या पलीकडे, एका लहान गावात. दिवाळीनंतर तिथे मंडईची जत्रा भरते, नाटक होतं, लेकीबाळी येतात. त्या वर्षी नवऱ्याला जायची माझ्यापेक्षा जास्त घाई होती, कारण गाडी अजून सासरवाडीला दाखवायची राहिली होती. गेलो. आईनं गाडीभोवती चक्कर मारली, चाकापाशी वाकली आणि बोटाच्या पेरानं त्या कॅपवर टकटक केलं.

"काऊन वो, हे तं टोपल्यावानी वाजते."

भाऊ हसला. वहिनी पदर तोंडाशी धरून हसली. मीही हसले, आणि ते नवऱ्यानं पाहिलं. जेवताना तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. आईशी मात्र बोलला. आईवर तो कधी रागावायचा नाही, आणि आईचाही त्याच्यावर भलताच जीव. माझ्या बाजूनं बोलायची वेळ आली की तिला जावईच आठवायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या पोटात दुखायला लागलं. आधी ती म्हणाली, मंडईतलं काही बाधलं असेल. मग ओकाऱ्या सुरू झाल्या. मांडीच्या वर तिला कित्येक वर्षांपासून एक गाठ होती, झोपलं की आत जायची. ती त्या दिवशी आत जाईना. दगडासारखी घट्ट झाली होती आणि हात लावला की आई किंचाळायची. भावानं मळणीचं मशीन शेतावर बोलावलेलं होतं, तो ते सोडून धावत आला. नवऱ्यानं आईला दोन्ही हातांवर उचललं आणि मागच्या सीटवर नेऊन ठेवलं. सीट खराब होईल, असं काही तो बोलला नाही. हे मी मान्य करते.

कुरखेड्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोट पाहिलं आणि म्हणाल्या, आतडं अडकलंय, ऑपरेशन लागेल, लगेच ब्रह्मपुरीला न्या. ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेली होती. "गाडी आहे ना तुमच्याकडे? मग वाट पाहू नका." सलाईन लावून त्यांनी आम्हाला रवाना केलं. मागे आई, तिचं डोकं मांडीवर घेऊन वहिनी, एका हातानं सलाईनची बाटली वर धरलेली. पुढे मी. भाऊ मशीनवाल्याची व्यवस्था लावून मोटारसायकलवर मागून येणार होता.

वडसा रोडवर जंगल लागलं. नवरा बरा चालवत होता, खड्डे चुकवत होता. एक चुकला नाही. गाडी दणकन आदळली, आई ओरडली, आणि माझ्या बाजूच्या पुढच्या चाकाकडून खट् असा आवाज आला. आरशात मला ती तबकडी दिसली. रस्त्यावरून गोल गोल पळत जाऊन ती झुडपांत शिरली.

नवऱ्यानं ब्रेक मारला.

"काऊन थांबवली?" मी विचारलं.

"कॅप गेली."

"जाऊ द्या ना."

"दोन मिनिटं. दिसून राह्यली मले, तिथंच हाये."

तो उतरला. गाडी चालूच ठेवली होती, इतकं तरी. मला वाटलं खरंच दोन मिनिटांत येईल. मागे वळून पाहिलं तर तो रस्ता उतरून खाली गेलेला. एक काडी तोडून घेतली होती आणि झुडपं बाजूला सारत होता. खाली कुणाच्या तरी धानाच्या बांधीत पाणी होतं. त्यानं पँट दुमडली.

आई कण्हत होती. वहिनी म्हणाली, "बाई, भाऊजीले बोलवा ना. मायचे हात थंडे पडून राह्यले."

फोन लावला, तिथे नेटवर्क नव्हतं. मी खाली उतरून ओरडले, "अहो, चला ना! माय इकडे..." त्यानं वर पाहिलं आणि हाताचा पंजा दाखवला. थांब. जशी मी बाजारात पिशवी धरून उभी होते आणि त्याचा भाव ठरायचा होता.

त्या पंज्याचा मला जो राग आला, तो अजून गेलेला नाही. सोळा वर्षांत त्यानं मला मारलं नाही, दारू प्यायला नाही, लोक म्हणतात तसा चांगला माणूस. पण माझी आई मागच्या सीटवर थंड पडत होती आणि तो पाण्यात उभा राहून प्लास्टिकसाठी मला थांब म्हणत होता.

मी फिरून त्याच्या दारानं आत बसले. सीट मागे सरकवलेली होती, पुढे कशी घ्यायची ते मला आठवेना. तशीच टोकावर बसले, पाय लांब करून क्लच दाबला.

वहिनी घाबरली. "बाई, इकडे हत्ती हायेत. काल पलीकडच्या गावात धान तुडवलं त्यायनं."

"मंग दाखवीन हत्तीले अलॉय," मी म्हणाले.

गाडी पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदा उचक्या देत निघाली. आरशात तो रस्त्यावर चढून पळताना दिसला, एक पाय दुमडलेला, एक ओला. तोंड उघडं होतं पण आवाज आला नाही. मी दुसरा गिअर टाकला, तिसरा टाकला. पुढे माझं लक्ष रस्त्यावरच होतं. रस्त्याच्या कडेनं लोकांनी धान वाळत घातलं होतं, त्यावरून एक चाक गेलं, एक म्हातारा शिव्या देत मागे धावला. वडशात ट्रॅक्टरच्या मागे अडकले तेव्हा हॉर्नवरून हात काढला नाही. वैनगंगेच्या पुलावर समोरून ट्रक आला तेव्हा गाडी कठड्याच्या कडेनं काढली. वहिनी मागे सारखं काही तरी पुटपुटत होती. देवाचं नाव असेल नाही तर मला शिव्या.

ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात आईला लगेच आत घेतलं. मी सह्या केल्या.

भाऊ आला तो दोन तासांनी. मोटारसायकलच्या मागे नवरा बसलेला, मांडीवर ती कॅप. दोघांचे पाय पोटरीपर्यंत चिखलानं भरलेले. आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग आलं.

"तू कुठी होता?" मी भावाला विचारलं.

तो खाली पाहत म्हणाला, "भाऊजी रस्त्यावर भेटले. एकटे शोधून राह्यले होते. मंग मी बी उतरलो."

"माय इथी ऑपरेशनले गेली अन् तू चिखलात?"

"जवाई माणूस हाये, बाई. त्यायले कसं सोडून येऊ? तू तं सोडून आली."

नवऱ्यानं कॅप बाकाखाली ठेवली, नळावर जाऊन पाय धुतले आणि माझ्यापासून लांब बसला. माझा भाऊ त्याच्या शेजारी बसला. वहिनी उभीच राहिली. चौघांमध्ये एकटी मीच पलीकडच्या बाकावर.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले आतडं वाचलं, वेळेत आणलं. मला वाटलं आता तरी तो मान खाली घालेल. त्यानं उठून विचारलं, "डॉक्टरसाहेब, दहा मिनिटं उशीर झाला असता तं काई फरक पडला असता का?"

डॉक्टरला आमचं काय माहीत. तो म्हणाला, "दहा मिनिटांनी नाही. आणखी दोन-चार तास गेले असते तर मात्र अवघड होतं."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. ते वाक्य त्यानं पुढे प्रमाणपत्रासारखं सगळीकडे फिरवलं. माझ्या सासूला, कॉलेजात, शेजारी, माझ्याच मावसबहिणीला. डॉक्टरच म्हटले, दहा मिनिटानं काई होत नव्हतं. अन् हिनं मले हत्तीच्या जंगलात सोडलं. ऐकणारे आधी हत्तींबद्दल विचारायचे. आईबद्दल कुणी विचारलंच तर शेवटी.

आईला तिसऱ्या दिवशी वहिनीनं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं आई माझा हात धरेल. ती छताकडे पाहत म्हणाली, "जवाईले असं रस्त्यावर सोडते का कोणी? गाव काय म्हणन?"

"माय, तू मरून राह्यली होती."

"मेली असती तं मेली असती. माफी माग त्यायची."

मी नाही म्हणाले. तिनं तोंड फिरवलं आणि दुपारची पेज प्यायली नाही. संध्याकाळी पण नाही. नर्स माझ्यावर रागावली. मग नवरा डबा घेऊन आला तेव्हा मी आईच्या खाटेपाशी उभी राहून म्हटलं, "माझं चुकलं." तो म्हणाला, "ठीक आहे." इतक्या मोठ्या मनानं म्हणाला की मला तो डबा त्याच्या अंगावर फेकावासा वाटला. आईनं पेज मागितली. तिला ती मीच भरवली, चमच्यानं, आणि प्रत्येक चमच्याला माझा राग वाढत गेला. टाके ओले असलेल्या आपल्या आईचा इतका राग येऊ शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं गाडीची किल्ली शर्टाच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. अंघोळीला जाताना शर्ट आत घेऊन जायचा. एक दिवस शर्ट धुवायला टाकताना किल्ली त्यातच राहिली. मी ती बाजारात नेऊन दुसरी करवून घेतली आणि त्याची त्याला परत दिली. महिनाभरानं, एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर घरी आले. तो ड्यूटीवर होता. ताडपत्री काढली आणि एकटी कुरखेड्याकडे निघाले. त्या जंगलातून जाताना वेग कमी केला नाही.

आई अंगणात उन्हाला बसली होती. आधी तिनं गाडीच्या दुसऱ्या दाराकडे पाहिलं, कोणी उतरतं का म्हणून.

"जवाई नाई आले?"

"नाई."

"त्यायले सांगून आली का?"

"नाई."

वहिनीनं चहा दिला. मी आईला विचारलं, दुखतं का अजून? ती म्हणाली, वाकलं की दुखते. बस, इतकंच. मी तिच्या पायांना तेल लावायला बसले तर तिनं पाय ओढून घेतले.

निघताना ती घरात गेली आणि नव्या धानाच्या पोह्यांची पिशवी घेऊन आली. "जवाईले दे. त्यायले आवडते." माझ्या हातात देताना तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही.

पिशवी मी घेतली. सोमवारी शाळेत नेली, पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंना सांगून कांदा टाकून पोहे करायला लावले आणि मुलांना वाटले. चांगले झाले होते. आईनं नंतर फोनवर विचारलं, आवडले का जवाईले? मी म्हटलं, हो, खूप.