पिसाला पीस

हातात पीस आलं की आबा ते आधी वरच्या ओठावरून फिरवायचे. डोळे मिटून, अगदी चव घेतल्यासारखं. मग निकाल सांगायचे, "टोचलं तर कोंबडा, न्हाय टोचलं तर कोंबडी. ओठ फसत न्हाय, पावणं."

या परीक्षेच्या आड येते म्हणून त्यांनी मिशीच उतरवली होती. आता कसबा बावड्यातला, साखर कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, आणि ओठावर मिशी नाही? लोकांनी घरात कुणीतरी गेलं असा अर्थ लावला. चौघे जण सांत्वनाला येऊन चहा पिऊन गेले. "बाप जाऊन वीस वर्सं झाली," आबा म्हणायचे, "आता परत कुठनं मारू?"

आमचा नादच तसला होता. गळाला दोऱ्यानं कोंबड्याचं पीस गुंडाळायचं, ते पाण्यावर किड्यासारखं तरंगलं पाहिजे आणि माशानं फसलं पाहिजे. आम्ही याला माशी बांधणं म्हणतो. आमच्या बायका काय म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही. मंगळवार पेठेत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, तिथे रविवारी सकाळी आम्ही पाच जण जमायचो आणि पिसांची अदलाबदल करायचो. आबांचा कायदा एकच. "इकायचं न्हाय, फुकट मागायचं न्हाय. पिसाला पीस."

आबांचा खजिना म्हणजे त्यांच्या परसातला तांबडा कोंबडा. त्याच्या मानेची पिसं लांब, ताठ आणि चकचकीत. ती ते कधी उपटायचे नाहीत, गळलेली तेवढी वेचून काडेपेटीतून आणायचे. आम्हा बाकीच्यांचा डोळा मात्र अख्ख्या मानेवर.

"आबा, कोंबडा म्हातारा झाला आता," कुणीतरी सुचवायचं.

"मी बी झालोय की. माझी मान कुणाला पायजे?"

खरा धोका घरातूनच होता. त्यांच्या सुनेचा रस्सा गल्लीत नावाजलेला, आणि पाहुणे आले की तिची नजर परसाकडे वळायची. मग आबा कोंबडा पिशवीत घालून बसनं थेट माझ्या दुकानात. दोन-दोन दिवस तो भिंतीवरच्या घड्याळांखाली मुक्काम करायचा आणि भर दुपारी आरवायचा. एका गिऱ्हाइकानं दुरुस्तीला दिलेलं घड्याळ परत नेलं. म्हणाला, तुमच्याकडं वेळेचं काही खरं दिसत नाही.

एका रविवारी माझ्याकडे बदल्यात द्यायला कोंबड्याचं एकही पीस नव्हतं. चिकनवाल्याकडून मी एक ठिपकेदार, देखणं पीस आणलं होतं. कोंबडीचं, मऊ, पाणी पिऊन जड होणारं. "कोंबड्याचं आहे," मी बेधडक ठोकून दिलं. आबांनी ते ओठावरून फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि आपलं तांबडं पीस माझ्या तळहातावर ठेवलं.

पुढच्या रविवारी त्याच ठिपकेदार पिसाची माशी माझ्या टेबलावर आली. "ही बुडती. पर बुडणाऱ्या माशीला बी मासा लागतोय. कालच लागला." मग आवाज उतरवून म्हणाले, "कोंबडीचं वाईट न्हाय. सांगून द्यायचं, एवढंच." मला शरमेनं मान वर करवेना.

यंदाच्या पावसाळ्यात आबा अचानक गेले. महिनाभरानं मी बावड्याला गेलो. त्यांची आठवण येत होती हे खरं, आणि कोंबड्याचं काय झालं ही धाकधूक होती हेही खरं. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. आतून रश्श्याचा वास येत होता आणि परस रिकामं होतं. आबा गेले ते मला तिथे, त्या रिकाम्या परसाकडे बघताना पटलं.

सुनेनं चहा पुढे ठेवला, आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाली, "शेजारच्या माडीवर हाय. नणंदंची माणसं जाईतोवर. ह्यो रस्सा बाजारातल्या कोंबडीचा."

मग तिनं पदराआडून काडेपेटी काढून उघडली. आत तांबडी पिसं लांबीप्रमाणे लावलेली. "गळलेली तेवढी वेचून ठेवलीत."

मी हात पुढे केला. तिनं पेटी मागे घेतली.

"पिसाला पीस. काय आणलंय?"

खिशातल्या डायरीत एकच पीस होतं. "कोंबडीचं आहे, वहिनी," मी म्हणालो.

तरीही तिनं ते घेतलं आणि डोळे मिटून वरच्या ओठावरून फिरवलं.

"व्हय, कोंबडीचंच हाय," ती म्हणाली आणि पेटी माझ्यापुढे सरकवली.