शिवेवर राहिलेली पेटी

ती घटना आजही आठवली की मला आधी त्या पोलीस पाटलाचा चेहरा दिसतो आणि मग ती पेटी. खून, दरोडे पुढे नोकरीत पुष्कळ पाहिले. पण ज्याला मी आरोपी म्हणून समोर बसवलं आणि उठताना मनातल्या मनात नमस्कार केला, असा माणूस एकच.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा, राज्य मुंबई, आणि मी महाडला नवा फौजदार. मराठी राज्याच्या चळवळीने गावोगाव वातावरण तापलं होतं आणि त्यातच विधानसभेची निवडणूक आली. आमच्या मतदारसंघाला नाव शहराचं, त्यामुळे महाडच्या बाजारपेठेतली मंडळी तो आपल्या खिशातच असल्यासारखी बोलत. प्रचाराच्या सभा चवदार तळ्यापासून बाजारापर्यंत होत आणि तिथेच संपत. वास्तविक निम्मा मतदारसंघ पोलादपूरच्या वरच्या डोंगरात पसरलेला होता. कुडपणच्या बाजूच्या पठारावर ना रस्ता, ना गाडी. उमेदवार तिकडे फिरकलेच नव्हते, पण मतदानाला लोक दऱ्या चढून-उतरून आले होते. शिमगा असल्यामुळे मुंबईला गिरणीत असलेली पोरंही गावात होती.

आजच्या वाचकांना सांगायला हवं की त्या काळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह. मतदाराने पडद्याआड जाऊन आपल्या पसंतीच्या पेटीत कागद टाकायचा. म्हणजे एक पेटी गेली की एका उमेदवाराची त्या केंद्रावरची सगळी मतं गेली.

आणि नेमकी एक पेटी गेली.

केंद्राध्यक्ष महाडचे एक शाळामास्तर होते. बाकीच्या पेट्या घेऊन ते पोलादपूरला उतरले आणि मामलेदारांपुढे रडायलाच लागले. हकीकत साधी होती. डोंगरात सरकारी सामान डोक्यावरून जाई आणि प्रत्येक गावाचे गडी ते आपल्या शिवेपर्यंत नेत. शिवेवर खालच्या गावाने ते उचलायचं. ही जुनी रीत. पण त्या दिवशी खालच्या गावाची पालखी निघाली होती, त्यामुळे शिवेवर गडी कमी आले. त्यांनी उचलता येतील तेवढ्या पेट्या उचलल्या. एक उरली. "आत्ता माणूस पाठवतो, तोवर ही सांभाळा," असं वरच्या गावच्या पाटलांना सांगून मास्तर आणि बंदोबस्ताचा शिपाई पुढे गेले. पालखीच्या गर्दीत त्यांना माणूस काही मिळाला नाही. अंधार पडल्यावर शिपाई परत शिवेवर गेला, तर तिथे पेटीही नाही आणि पाटीलही नाही.

मास्तरांना मामलेदार कचेरीत बसवून ठेवलं. माझा जमादार वर गेला आणि दुसऱ्या दिवशी पाटलांनाच घेऊन खाली आला. "साहेब, उत्तरच देत नाही. एकच घोकतोय, मास्तरांना पाठवा म्हणून," जमादार म्हणाला. त्याचा पारा चढला होता.

त्याच वेळी खबर आली. खबर देणारा महाडचा एक भुसार व्यापारी, हरवलेल्या पेटीवाल्या उमेदवाराचा कार्यकर्ता. त्याच्या माणसाने तिन्हीसांजेला पेटी गावदेवीच्या देवळात नेताना पाहिली होती. "फौजदारसाहेब, ते अख्खं गाव विरोधी उमेदवाराचं आहे. पेटी फोडून मतं चुलीत घातली असतील. देवळाचं कुलूप तोडा!"

पेटी मोजणीपर्यंत आली नसती, तर पाटलांवर गुन्हा दाखल होणार, पाटीलकी जाणार आणि तुरुंग ठरलेला. कुलूप तोडायचा हुकूम देणं सोपं होतं. पण शिमग्यात गावदेवीच्या देवळात बूट घालून शिरलं, तर डोंगर पेटतो, हे जमादारालाही ठाऊक होतं. मी म्हटलं, आधी माणूस बघू.

पाटील साठीचे. अंगात बंडी, डोक्याला मुंडासं, पायाला चिखल. जमिनीवर ताठ बसले होते. चोर सहसा दोन प्रकारांनी बसतो, एक तर अंग चोरून किंवा उगाच ऐसपैस. हे दोन्हीत बसेनात. मी चहा मागवला, त्यांनी हात लावला नाही.

"पाटील, पेटी तुमच्याकडे आहे?"

"मास्तरांना बोलवा."

"मी फौजदार आहे. मला सांगा."

"तुमी फौजदार हाव ते दिसतंय की."

जमादार पुढे सरसावला, त्याला मी बाहेर पाठवला. चौकशीत आपण पुष्कळदा आपल्याला हवं ते विचारत राहतो. समोरचा काय सांगतोय ते कानावर पडतं, पण डोक्यात शिरत नाही. हा माणूस कालपासून एकच गोष्ट सांगत होता. मी प्रश्न बदलला.

"बरं, मास्तर आले तर काय कराल?"

पाटलांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "त्यांची वस्तू त्यांच्या हातात दीन."

"आणि मला का नाही?"

"साहेब, शिवेवर मास्तरांनी सांगितलं, सांभाळा. मी हाय म्हटलं. आता कोन बी येतो नि म्हनतो दे. काल तुमचा जमादार आला, त्याच्या आदी ह्या शेठचा मानूस आला होता. कोनाकोनाला देऊ?"

"मग खालच्या गावात नेऊन का नाही दिली?"

"त्यांची पालखी भायेर हाय. पालखी भायेर असताना डोक्यावर वझं घेऊन दुसऱ्याच्या शिवंत पाय टाकायचा नाय. आमी टाकला असता तर मारामारी झाली असती नि पेटी गेली असती दरीत. अंधार पडाय लागला, मानूस आला नाय, म्हनून गावात नेली."

मला हसूही आलं आणि हायसंही वाटलं. चोरी नव्हतीच! मामलेदारांना हमी देऊन मी मास्तरांना सोडवलं आणि आम्ही वर निघालो. व्यापारीही हट्टाने आला. चढणीला त्याची दमछाक झाली, पण तोंड काही थांबलं नाही.

देवळाच्या दारात कोयते घेतलेली चार पोरं बसली होती. त्यातला एक मला बघून उठला. "साहेब, ड्यूटी लावलीय पाटीलबाबांनी. गिरणीत करतो तशी शिफ्टमधी. एक पण आदमी आत सोडला नाय!" शेजारची म्हातारी ओरडली, "गप रे, देवळात मुंबईचं नको बोलू."

पाटलांनी स्वतः कुलूप काढलं. आत, देवीच्या बाजूला पाटावर पेटी होती. लाख, सुतळी, कागदी सील, सगळं जसंच्या तसं. मास्तरांनी सील तपासलं आणि पेटी छातीशी धरली.

"मिळाली म्हना, मास्तर," पाटील म्हणाले. "गावासमोर म्हना."

"मिळाली," मास्तर म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले.

व्यापारी पेटीवरचं चिन्ह पुन्हा पुन्हा न्याहाळत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "पाटील, ही आमच्या उमेदवाराची पेटी. तुमच्या गावाने तर आमच्याविरुद्ध मत दिलं."

"दिलं. लपवतो कशाला?" पाटील म्हणाले. "ह्या पेटीत आमचं एक मत नाय. जी हायत ती सगळी दुसऱ्या वाड्यांची. म्हनून तर जास्त जपावी लागली. आपली असती नि हरवली असती, तर आपन आपल्याला कायबी सांगून गप बसलो असतो."

व्यापाऱ्याने डोक्यावरची टोपी काढली.

पुढे राज्य बदललं, मतदारसंघांच्या हद्दी पुन्हा आखल्या गेल्या. आमच्या त्या मतदारसंघाचं जुनं रूप आता जुन्या नकाशातच सापडेल. त्याचा इतिहास कोणी लिहिलाच, तर कोण जिंकलं आणि कोण पडलं एवढंच त्यात येईल. मी निवृत्त होईपर्यंत अनेक निवडणुकांचा बंदोबस्त केला, मतपेट्यांभोवती बंदुका आणि लोखंडी दारं पाहिली, आणि प्रत्येक वेळी मला त्या माणसाचा अभिमान वाटत राहिला. लोकशाही कशाला म्हणतात हे मी पोलीस प्रशिक्षणात शिकलो नव्हतो. ते मला डोंगरातल्या एका पाटलाने शिकवलं, ज्याने विरोधकाची मतं आपल्या देवीच्या शेजारी ठेवली होती.