राखणदाराची किल्ली

कोणतीही वस्तू हातात आली की सुलभाताई मयेकर ती आधी उलटी करीत. आंब्याच्या व्यापारी घरातल्या त्या. पिवळाधमक आंबाही देठाशी हुंगल्याशिवाय घेत नसत. "पेटीवर रत्नागिरी छापलंय ओ, आतला कुठचा ते सांगा," हा त्यांचा ठरलेला प्रश्न. विकणारा गडबडला की त्यांना समाधान वाटे.

औद्योगिक वसाहतीत त्यांचा विजेच्या मोटारींना तार गुंडाळून देण्याचा लहानसा कारखाना होता. आधी पंपांच्या आणि पंख्यांच्या, अलीकडे ड्रोनच्या इवल्या मोटारी. मी त्यांचा शेजारी, न्यायालयातून निवृत्त झालेला शिरस्तेदार. तरी त्या मला मुद्दाम ‘वकीलसाहेब’ म्हणत. मी साऱ्या जगावर संशय घेई, त्या माझ्या तक्रारअर्जांवर.

गेल्या वर्षी एका कंपनीचा प्रतिनिधी त्यांच्याकडे आला. परके ड्रोन हवेतच निकामी करणारे यंत्र कंपनीला बंदरासाठी विकायचे होते आणि माल देशी असण्याची अट होती. यंत्र परदेशातून यायचे, इथे फक्त झाकण बसायचे, आणि ‘आमच्या कारखान्यात बनले’ असे ताईंनी सही करून द्यायचे. मोबदल्यात वर्षभराचे काम. कारखान्यात तेव्हा काम जवळपास संपले होते. रेहाना आणि शुभांगी या दोघी कामगारांना घरी बसवण्याची वेळ आली होती.

भाट्याच्या किनाऱ्यावर प्रात्यक्षिक ठरले. यंत्र सुरूच होईना. पडद्यावर परक्या लिपीतली एक ओळ तेवढी लुकलुकत राहिली.

"काय म्हणतंय ते?" ताईंनी विचारले.

"परवाना तपासतंय, मॅडम. मूळ कंपनीच्या सर्व्हरला विचारतं. इथे रेंज नाही ना!"

"म्हणजे चोर दारात, नि आमचा राखणदार परदेशात फोन लावून विचारतोय, उठू काय म्हणून?"

प्रतिनिधी हसला. मी हसलो नाही. मालकी आपली आणि ताबा परक्याचा, ही शुद्ध फसवणूक आहे, असे मी त्याला तिथेच सुनावू लागलो. ताईंनी हात वर केला. "वकीलसाहेब, तुमचा अर्ज मागाहून. आधी माझा नकार. माझी सही नाय मिळायची."

कंपनीला सही दुसऱ्या जिल्ह्यात मिळाली. यंत्र बंदरात बसले. त्याविरुद्धच्या माझ्या अर्जांना ‘कार्यवाही सुरू आहे’ याखेरीज उत्तर नाही.

ताईंनी मग ड्रोनची मोटार मुळापासून स्वतःच करायला घेतली. पहिली चाचणीतच जळाली. तारेच्या विक्रेत्याला नोटीस देऊ, असे मी संतापून म्हणालो. त्या जळकी तार उकलत बसल्या होत्या. "नोटीस कसली देताय? का जळली ते दिसतंय ना! बाहेरची असती तर खोका परत धाडून गप बसलो असतो."

दुसरी मोटार अर्धी गुंडाळून झाली आणि मार्गशीर्षात ताई हृदयविकाराने गेल्या. उरलेली रेहानाने पूर्ण केली. ती फिरली. मागणी अजून एकही नाही, तरी दोघी कारखाना उघडतात. मोटारीवर निर्माता म्हणून कोणाचे नाव घालणार, असे मी रेहानाला जरा दरडावूनच विचारले.

"ताईंचं," ती म्हणाली. "नि त्याच्या खाली लिहिणार, आतलं चुंबक बाहेरचं आहे. अजून ते आपल्याला जमलेलं नाय, काका."

मला हरकत घ्यायला जागाच उरली नाही.