न झालेल्या प्रवासाचं भाडं

पेट्रोलला काडी लावली की ते जितक्या वेळात पेटतं, त्याच्या निम्म्या वेळात आमचे टॅक्सीवाले मामा पेट्रोलचा नुसता भाव ऐकून पेटत. त्या काळी मुंबईत रागावायला विषयांची टंचाई होती अशातला भाग नाही. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. परळ-लालबागला रोज कुठं ना कुठं सभा, मोर्चा, प्रभातफेरी चालूच असायची आणि दिल्लीवर रागावलेला नाही असा माणूस आमच्या चाळीत औषधालासुद्धा सापडला नसता. पण बाकीचे लोक दिल्लीवर फक्त मुंबईसाठी रागावत, मामा मुंबईसाठी आणि पेट्रोलसाठी असे दुहेरी रागावत. मिरवणुकीतून 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' अशी घोषणा उठली की मामा टॅक्सीच्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून 'आणि ट्रॉम्ब्यासह मुंबई!' असं ओरडत. ट्रॉम्बे मुंबईलाच लागून आहे, ते निराळं मागायची गरज नाही, असं त्यांना पुष्कळांनी समजावून पाहिलं. "जमीन लागून असेल रे," मामा म्हणायचे, "पण तिथं गाळलेलं तेल कोणाचं? ते आधी विचार." हे मात्र कोणालाच नीट ठाऊक नव्हतं.

हे मामा माझ्या आईचे सख्खे भाऊ नव्हेत. मालवणजवळच्या तिच्या गावचे, आणि लालबागच्या आमच्या चाळीत दोन खोल्या सोडून राहणारे. एका भाऊबीजेला आईनं त्यांना ओवाळलं आणि त्या दिवसापासून ते आमचे मामा झाले. वीस वर्षं दुसऱ्याची टॅक्सी चालवून त्यांनी अखेर स्वतःची घेतली होती. त्या टॅक्सीला ते घरातल्या माणसासारखे जपत आणि तिला पेट्रोल पाजताना मात्र सावत्र आईसारखे वागत. मुंबईचा नकाशा त्यांच्या डोक्यात रस्त्यांचा नव्हताच, उतारांचा होता. भायखळ्याच्या पुलावरून उतरताना, करी रोडच्या पुलावरून उतरताना, मलबार हिलवरून खाली येताना ते इंजिन बंद करीत आणि गाडी आपसूक घरंगळत जाई. मग मामा स्टिअरिंगवर दोन बोटं ठेवून, डोळे अर्धवट मिटून, 'हे सरकारच्या नावानं फुकट' असं पुटपुटत. उतार मिळावा म्हणून ते कधीकधी लांबचा रस्ता घेत. उतार मिळवायला आधी चढ चढावा लागतो आणि त्यात जास्त पेट्रोल जळतं, ही गोष्ट मी एकदा त्यांच्या नजरेला आणून दिली. पुढचे आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

सभांनाही मामा नेमानं जात. परळच्या कामगार मैदानावर सभा असली की त्या दिवशी टॅक्सी आमच्या चाळीसाठी राखीव आणि मीटरचा झेंडा उभाच. भाड्याचं नाव काढलं तर ते अंगावर धावून येत. सभेत मात्र ते वक्त्याच्या जिवाला घोर लावीत. भाषण रंगात आलं, टाळ्या पडू लागल्या, की मामांची चिठ्ठी हातोहात व्यासपीठाकडं निघे. चिठ्ठीत प्रश्न एकच, 'पेट्रोलचं काय?' सुएझचा कालवा बंद पडला तेव्हा भाव चढले, ते कालवा उघडल्यावर उतरले का नाहीत; सरकारचं तेलाबाबत काही धोरण आहे का; आणि असलं तर ते टॅक्सीवाल्याला कोण सांगणार, असे पोटप्रश्न चिठ्ठीच्या पाठीवर असत. बहुतेक वक्ते चिठ्ठी वाचून खिशात घालत. एकानं मात्र ती मोठ्यानं वाचली आणि हसून म्हणाला, "आधी मुंबई मिळू द्या, मग पेट्रोलचं बघू." सगळं मैदान हसलं. परत येताना करी रोडला मामा एकदम गाडी थांबवून मला म्हणाले, "मुंबई आपली झाल्यावर मी ती ढकलत फिरवायची काय रे?" मला त्या दिवशी हसू आलं होतं. आज तो प्रश्न आठवतो आणि हसू येत नाही.

मामांच्या संतापाला खरं वळण लावलं ते दादरच्या एका प्राध्यापकांनी. अर्थशास्त्र शिकवणारे हे गृहस्थ एकदा त्यांच्या टॅक्सीत बसले आणि मामांनी नेहमीप्रमाणे विषय काढला. प्राध्यापकांनी त्यांना शांतपणे समजावून सांगितलं की पेट्रोल ट्रॉम्ब्याला गाळलं जात असलं तरी त्याचा भाव तिथल्या खर्चावर ठरत नाही. ते परदेशातून तयार होऊन बोटीनं आलं असं धरून ठरतो. मग त्यात त्या बोटीचं भाडं आलं, विमा आला, वाटेत उडून जाणाऱ्या तेलाची घटसुद्धा आली. सरकारनं कंपन्यांशी तसा करारच केला आहे.

"म्हणजे जी बोट आलीच नाही तिचं भाडं मी देतो?" मामांनी विचारलं.

"ती आली असं धरलेलं आहे," प्राध्यापक म्हणाले.

हे 'धरलेलं आहे' मामांच्या काळजात रुतलं. घरी आल्यावर ते जेवले नाहीत. चाळीच्या गॅलरीत येरझाऱ्या घालत ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारत होते, "ट्रॉम्ब्याचो धूर आमच्या नाकात, आणि भाव सातासमुद्रापलीकडचो! ह्यो खंयचो न्याय?" चिडले की मामा मालवणीवर उतरत. आणि खरं सांगायचं तर मीही त्या दिवशी चिडलो. मी नुकताच बँकेत चिकटलो होतो आणि सरकार म्हणजे कोणी शहाणी माणसं असतात अशी माझी समजूत होती. न झालेल्या प्रवासाचं भाडं गरिबाच्या खिशातून काढायचं आणि त्याला धोरण म्हणायचं, हा निर्लज्जपणा मला नवा होता. पण मी चिडून गप्प बसलो. मामा गप्प बसणाऱ्यातले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गिऱ्हाइकांना तोच नियम लावला. समजा एखादा माणूस परळला बसून गिरगावात उतरला, तर मामा मीटर बघत आणि गंभीरपणे सांगत, "मीटर हा असा झाला. पण तुम्ही शीवपासून बसलात असं धरलेलं आहे, तेव्हा वरचे इतके द्या." माणूस भडके. 'मी शीवला गेलोच नाही', 'हा काय चोरबाजार आहे', 'पोलिसाला बोलावतो' असं सगळं यथासांग होई. मामा हाताची घडी घालून ते समाधानानं ऐकत आणि त्याचा दम संपला की विचारत, "राग आला ना? मग हाच राग पेट्रोलच्या भावाचा का येत नाही?" मग सगळा उलगडा करून मीटरप्रमाणे पैसे घेत आणि वरचा आणासुद्धा मोजून परत देत. गिरगावातल्या एका म्हातारबुवांनी तर हे ऐकल्यावर त्यांना घरात नेऊन चहा पाजला आणि मुलाला उठवून म्हणाले, "ऐक, हे काय सांगतात ते ऐक." मामांच्या हिशेबी एकेक गिऱ्हाईक म्हणजे एकेक सभा होती, आणि या सभेत चिठ्ठी खिशात घालायला कोणी वक्ता नव्हता.

असे कितीतरी दिवस गेले. भडकला नाही असा माणूस मामांना भेटला नव्हता. तो अखेर भेटला. दादरला कोट-टायमधले एक साहेब बसले आणि फोर्टात एका सरकारी कचेरीच्या दारात उतरले. मामांनी शीवपासूनचे पैसे मागितले. साहेबांनी भुवईसुद्धा न उचलता ते काढून दिले आणि विचारलं, "पावती मिळेल?" मामा इतके गोंधळले की त्यांनी डायरीचं पान फाडून 'शीव ते फोर्ट' अशी पावती लिहून दिली. उलगडा करायला तोंड उघडेपर्यंत साहेब जिना चढून दिसेनासे झाले. मामा वरच्या पैशांचा हात तसाच पुढं करून उभे. संध्याकाळी मला ते म्हणाले, "सबंध मुंबईत न झालेल्या प्रवासाचं ज्याला काहीच वाटलं नाही असा एकच माणूस निघाला, आणि तो सरकारी निघाला." ते वरचे पैसे त्यांनी कागदात गुंडाळून देवाजवळ ठेवले, साहेब पुन्हा दिसले तर परत करायला.

साहेब दिसले नाहीत, टॅक्सीवाल्यांना बिल्ले देणाऱ्या पोलीस कचेरीची नोटीस आली. झालं होतं असं की साहेबांनी ती पावती प्रवासखर्चात लावली आणि त्यांच्याच कचेरीतल्या कोणा चौकस कारकुनानं विचारलं की साहेब राहतात दादरला, मग भाडं शीवपासून कसं? साहेबांनी अंग काढून घेतलं आणि टॅक्सीवाल्यानं फसवलं अशी तक्रार गुदरली. गिऱ्हाइकाला लुबाडल्याबद्दल तुमचा बिल्ला का काढून घेऊ नये, अशी विचारणा त्या नोटिशीत होती. बिल्ला गेला की टॅक्सी दारात उभी. मामांच्या दोन मुली शाळेत होत्या आणि दुसरा कुठलाही धंदा त्यांना येत नव्हता.

मी त्या बिल्ल्याच्या कचेरीत जाऊन चौकशी केली. तिथला कारकून भला होता. म्हणाला, "चूक झाली असा माफीनामा लिहून द्या, आमचे साहेब ताकीद देऊन सोडतील." मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते असे काही बघत राहिले की जणू मीच न आलेल्या बोटीचं भाडं मागतोय. "माफी मी मागू? आधी त्यांनी मागू दे," ते म्हणाले, "मी पैसे परत द्यायला उभा होतो. ते कधी उभे राहिले?" आणि सुनावणीत काय बोलायचं याची ते तयारी करू लागले. खाकी डगला इस्त्री करून आणला, प्राध्यापकांकडून सगळं पुन्हा समजून घेतलं, वह्यांच्या वह्या भरल्या. मामी रात्रंदिवस डोळ्यांना पदर लावून बसलेल्या. सुनावणीच्या आदल्या दिवशी त्या मला गॅलरीत गाठून म्हणाल्या, "बाबा, तेंका माझा ऐकाक येणा नाय. तूच काय ता कर."

मी ते केलं. चाळीतले सगळे अर्ज मीच लिहीत असे, मामांची लांब शेपटीची सही मला पाठ होती. मी माफीनामा लिहिला, 'माझ्या हातून लोभापायी चूक घडली' असं त्यात घातलं, खाली मामांची सही ठोकली आणि बँकेत जाता जाता त्या भल्या कारकुनाच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी मामा वह्या काखेत मारून तिथल्या साहेबांच्या खोलीत शिरले आणि मी बाहेरच्या बाकावर घाम पुसत बसलो. पाच मिनिटांत ते बाहेर आले. बिल्ला छातीवर होता. "सायब गप्प झालो," एवढंच ते म्हणाले.

चाळीत पेढे वाटले गेले. मामांनी सरकारला निरुत्तर केलं, ही कथा लालबागच्या नाक्यापर्यंत पोचली. पण त्यानंतर मामांनी एकाही गिऱ्हाइकाला शीवपासून बसवलं नाही. सभांना येत, चिठ्ठी पाठवत नसत. पेट्रोलचा विषय निघाला तर 'असेल बाबा' म्हणून काच पुसायला लागत. मला वाटायचं, जिंकल्याच्या समजुतीनं त्यांची रग जिरली. मी मनात थोडा खूषही होतो. आपण एका माणसाचा संसार वाचवला, आणि त्याला कळूही दिलं नाही.

मुंबईसह महाराष्ट्र झाला. पेट्रोल स्वस्त झालं नाही. मुलींची लग्नं उरकल्यावर मामांनी टॅक्सी विकली आणि गावी जायला निघाले. मी त्यांना भाऊच्या धक्क्यावर पोचवायला गेलो. मामी ट्रंकेवर बसल्या होत्या. मामा मला कठड्यापाशी घेऊन गेले आणि समुद्राकडं बघत म्हणाले, "त्या दिवशी सायबान कागद पुढ्यात ठेवल्यान. विचारल्यान, ही सही तुझीच ना?"

मी त्यांच्याकडं वळलो.

"तुझा अक्षर माका काय नवा आसा?" ते म्हणाले, "मी नाय म्हटलं असतं तर खोटी सही कोणी केली ते त्यांनी शोधलं असतं. तुझी बँकेतली नोकरी चार दिवसांची. म्हटलं, होय सायब, माझीच."

"माफ करा," मी म्हटलं.

"नको," मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "आपल्या घरात माफी एकदा मागून झाली."

बोटीचा भोंगा झाला. मामींना सांभाळत ते फळीवरून चढून गेले आणि गर्दीत त्यांची पाठ दिसेनाशी झाली. ज्या माणसानं आयुष्यात वरचा आणा ठेवून घेतला नाही, त्याच्या तोंडून आपण लोभी असल्याचं 'होय' सरकारनं वदवून घेतलं, आणि ते त्यांनी माझ्यासाठी म्हटलं. इतकी वर्षं मी समजत होतो की मी त्यांना वाचवलं. बोट दूर गेली तरी मी धक्क्यावर उभा होतो, आणि मामांना येत असे तसला राग मला त्या दिवशी पहिल्यांदा आला. तो अजून गेलेला नाही.