न ठेवलेली वाडी

गीता वाचून मन शांत होतं असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. आमच्या घरात ती रोज तिन्हीसांजेला वाचली जाते, आणि तिच्यातल्या एका श्लोकाने आमची बारा वर्षं खाल्ली.

माझा थोरला भाऊ कुणकेश्वरच्या समुद्रात मासेमारीला गेला तो परतला नाही. होडी उलटी सापडली, तो सापडला नाही. त्यानंतर बाबा दुसरा अध्याय वाचताना एक श्लोक गाळायला गेले. आत्म्याला आग जाळत नाही, पाणी भिजवत नाही, तो. पहिल्याच दिवशी आतून आईचा आवाज आला, "एक श्लोक रवलो." बाबा मागे फिरले आणि तो श्लोक वाचला. पुढे रोजच वाचला. तेवढ्यापुरती आई चुलीपासून उठून दारात येऊन उभी राहायची.

म्हाळाच्या दिवशी, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाला, आमच्याकडे गेलेल्या प्रत्येकासाठी अंगणात केळीच्या पानावर जेवण वाढतात. ही त्याची वाडी. कावळा शिवला की पितर जेवले. आजोबांची वाडी असायची, आजीची असायची. भावाची नाही. आई ठेवूच द्यायची नाही. सगळं संपवून कावळे उडून गेले तरी एक कावळा माडावर मागे राहायचा आणि ओरडत बसायचा. दर वर्षी. तोच की दुसरा, देव जाणे, पण मला तेव्हा अंगणात एकटीने जायची भीती वाटायची. आई काठी घेऊन धावायची, दगडसुद्धा मारायची.

शास्त्र सांगतं, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहावी आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा. यंदा ती भरली. बाबा आता थकलेत. आपल्या हातून मुलाचं व्हावं, एवढंच त्यांना हवं होतं. भटजींना बोलावलं. मी ओरोसच्या ऑफिसात रजा टाकून घरी आले. आई खांबाला टेकून बसली होती.

"पाणी ज्येका भिजवणा नाय," ती म्हणाली, "त्येका बुडालो कसो म्हणू?"

भटजी पंचांग चाळू लागले. माझं डोकं फिरलं. तुझ्या हट्टापायी घराचं स्मशान झालंय, असं मी बोलून गेले. बाबा मात्र हळूच म्हणाले, "भिजणा नाय, खरां. पण भूक लागता गो त्येका. ता पण शास्त्रातच आसा."

आई खांबाला धरून उठली. मग म्हणाली, "करा."

कुणकेश्वरच्या वाळूत पुतळ्याला अग्नी दिला. दहाव्याला तिथेच पिंड ठेवले. शेजारच्या पानावर आईने त्याच्या आवडीचे वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढलं. माणसाची इच्छा अडकलेली असली तर कावळा लवकर शिवत नाही, हात जोडून काय काय कबूल करावं लागतं. आई-बाबांना मी सांभाळीन, असं म्हणायचं मी मनाशी ठरवून आले होते. मोह सोडावा, असं बाबा पोथी मिटताना नेहमी सांगत. नाही सोडला तर हाल कुणाचे होतात, ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

भटजी पानापासून पुरते मागेही सरले नव्हते, तोच कावळा उतरला.

"सुटलो बिचारो," मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. कावळा मान वर न करता घाईघाईने खात होता.

आई मटकन वाळूत बसली.

"बगलास, कसो जेवता तो?" ती बाबांना म्हणाली. "दर वर्सा उपाशी दारात येत होतो माझो झील. मियांच दगड मारून हाकललंय त्येका."