जुना पार्ट दाखवा

पाण्याची मोटर दुरुस्त झाली की नामदेवतात्या तिचा जळका भाग गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचे आणि बजावायचे, "घरी न्या. जुना पार्ट दाखवीत न्हाय तो मिस्त्री लबाड हाय." कळसमध्ये त्यांचं दुकान होतं. बाकीचे मिस्त्री त्यांच्या मते एकतर लबाड, नाहीतर आंधळे. मी शेजारी राहणारा विज्ञानाचा मास्तर. माझी गणना दोन्हींत व्हायची.

पेसमेकर बसवल्यावर त्यांचा तोरा आणखी वाढला. डाव्या खांद्याखाली काडेपेटीएवढा उंचवटा आला होता. सदऱ्याचं बटण काढून ते कुणालाही त्यावर बोट ठेवायला लावत, एसटीच्या कंडक्टरलासुद्धा. मला या प्रदर्शनाचा वीट आला होता.

मग तिथे पू झाला. हे यंत्र तारांसकट काढावं लागेल, नाहीतर जीवाशी येईल, असं बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्याऐवजी मांडीच्या शिरेतून थेट हृदयात एक बारीक कुपी बसवायची, तोच नवा पेसमेकर. तार नाही, उंचवटा नाही. तात्यांनी सहीचा कागद बाजूला सारला. जुना पार्ट दाखवणार असाल तरच सही, म्हणाले. अंगात ताप, त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या डोळ्यांना धार, आणि हे डॉक्टरांना मिस्त्रीपणा शिकवत होते. मला इतका संताप आला की मी सरळ उठून बाहेर गेलो.

डॉक्टर समजूतदार निघाले, मी परत आत येईपर्यंत दाखवायला तयार झाले होते. तरी तात्यांचा पुढचा प्रश्न होताच, नवं बिघडल्यावर काय? ते बहुधा काढत नाहीत, आतच ठेवून शेजारी दुसरं बसवतात, असं उत्तर मिळालं.

"मंजे त्याचा जुना पार्ट कवाच कुणाला दिसायचा न्हाय," तात्या मला म्हणाले. "गुरुजी, बघा यांची सोय."

सही केली खरी, पण घरी आल्यापासून एकच पालुपद. आत काही बसवलेलंच नाही, आपल्याला फसवलं, असं ते इंदापूरच्या बाजारात उभं राहून सांगायचे. मी दवाखान्याचं कार्ड दाखवलं.

"कार्डावर मोटर चालती व्हय?" ते म्हणाले. त्या कुपीच्या जोरावर ते चार वर्षं असं बोलत राहिले.

गेल्या थंडीत ते झोपेतच गेले. तिसऱ्या दिवशी राख सावडताना माझ्या बोटांना काहीतरी टणक लागलं. गोळीएवढी, काळी पडलेली कुपी होती. मी ती धोतराच्या सोग्याला पुसली आणि तशीच दुकानाच्या दिशेने दोन पावलं चाललो. मग भान आलं आणि रडू आवरेना.

कुपी काकूंच्या हातात दिली. त्यांनी ती तळहातावर उलटीपालटी केली.

"बसवली व्हती की," त्या म्हणाल्या. "आता कुणाला दाखवायची?"